भंडाऱ्यातून उरलेले लाल भोपळे वाया न घालवता कसे संपवावेत?

प्रश्न: रामबागकर (इंदूर)

नमस्कार. आमच्या वसाहतीतील देवीच्या मंदिरात काल नवमीचा भंडारा झाला. इंदुरात भंडारा म्हटला की पुरी, कद्दूची खट्टी-मीठी भाजी आणि नुक्ती (बुंदी) हे ठरलेलेच असते, त्यामुळे चोइथराम मंडीतून भोपळे ठोक भावाने आणले होते. ऐन संध्याकाळी पाऊस आला आणि माणसे अंदाजापेक्षा बरीच कमी जमली. शिजलेली भाजी शेवटच्या पंगतीत आणि नंतर डब्यांतून घरोघरी जाऊन संपली, परंतु न शिजवलेला माल उरला. मंदिरात तो ठेवण्यास जागा नाही आणि माझे घर सर्वांत जवळ, म्हणून तो सगळा माझ्याकडे आला आहे.

त्यात अख्खे भोपळे चार आहेत आणि प्रत्येक पाच-सहा किलोंचा असावा. एकाचा देठ मुळापासून तुटला असून त्या जागी ओलसर खड्डा दिसतो. हलवायाच्या माणसांनी सालासकट चिरलेल्या फोडी साधारण चार किलो आहेत. त्या रात्रीच डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवल्या. याशिवाय एका घमेल्यात बिया आणि त्यांना चिकटलेला जाळीदार गर आहे. तो टाकावा की ठेवावा, हे मला ठरवता येत नाही.

घरात आम्ही चार माणसे. सासूबाईंना लाल भोपळा आवडतो, त्यांना तो उपासालाही चालतो आणि उद्या एकादशीच आहे. मुलगा मात्र भोपळ्याची भाजी पाहिली की ताट सरकवतो. यजमानांची साखर वाढलेली असल्यामुळे ‘सगळ्याचा हलवा करून टाका’ हा सल्ला आमच्या कामाचा नाही. शेजारच्या काकूंनी तर सरळ सांगितले की, सकाळी कचऱ्याची गाडी येईल तेव्हा ओल्या कचऱ्यात घालून मोकळी हो, आपल्या शहरात त्याचा गॅसच होतो. ते काही मनाला पटले नाही.

फोडी किती दिवस टिकतील, अख्खे भोपळे किती काळ ठेवता येतील आणि रोज तीच भाजी न करता एवढा माल संपवण्याचा काही मार्ग आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर: तिलकनगरच्या बाई

ताई, मी अनेक वर्षे गृहविज्ञान शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, ते चालवून घ्यावे. तुमच्या घरी आलेला माल एकच दिसत असला तरी त्यातल्या प्रत्येक भागाची घाई निराळी आहे, आणि नेमके तेच लक्षात न घेतल्यामुळे घरोघरी भोपळा वाया जातो. आपण सगळे एकदम चिरायला बसतो. चिरलेले सगळे एकदम शिजवता येत नाही, आणि मग चौथ्या दिवशी फ्रीजमधल्या डब्याला बुळबुळीत पाणी सुटते. म्हणून पहिली विनंती अशी की, तीन धडधाकट भोपळ्यांना आज सुरीच लावू नका.

आज सर्वांत आधी घमेल्याकडे वळावे. भोपळ्यात बुरशी प्रथम धरते ती बियांभोवतीच्या ओल्या जाळीला, आणि जाळी फोडींना चिकटलेली राहिली तर फोडीही तिच्यासोबत लवकर नासतात. रात्रभर ते घमेले बाहेरच राहिले असेल तर त्यातला गर आता खाण्यात घेऊ नये. बिया मात्र वाचवता येतील. घमेल्यात भरपूर पाणी घालून हाताने चोळले की बऱ्याच बिया वर तरंगतात आणि जाळी सुटते. त्या दोन-तीन पाण्यांनी धुवून, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे उकळून, फडक्यावर पसरून कडकडीत वाळवाव्यात आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजाव्यात. सोललेल्या बियांमध्ये प्रथिने वजनाच्या सुमारे ३० टक्के असतात, म्हणजे ज्या भागाला आपण कचरा समजतो तोच पोषणाने सर्वांत भारी आहे. सोलण्याचा कंटाळा असेल तर सालासकट भाजून, जाडसर कुटून चटणीत घालता येतात. पुढच्या वेळी भोपळा कापाल तेव्हा ताजी जाळीदेखील टाकू नका. ती बारीक चिरून तुरीच्या वरणात किंवा सांबारात घातली तर शिजून एकजीव होते आणि वरणाला दाटपणा येतो.

त्यानंतर फोडी. चिरलेला कच्चा भोपळा, जाळी पूर्ण काढून, कोरडा पुसून, बंद डब्यात ठेवला तर फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चांगला राहतो. तुमच्या फोडी मात्र भंडाऱ्याच्या गडबडीत काही तास बाहेर राहिलेल्या असणार, म्हणून त्यांना एवढी मुदत देऊ नये. आज आणि उद्या मिळून त्या संपवाव्यात. प्रथम वास घ्यावा, बोट फिरवून पाहावे आणि ज्या चिकट किंवा आंबूस वाटतील त्या बाजूला काढाव्यात. उरलेल्यांतून सासूबाईंच्या एकादशीपुरता वाटा काढून त्याचे भरीत करावे. फोडी वाफवून, साल काढून, हाताने कुसकराव्यात, त्यात घट्ट दही, दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि मीठ घालून वरून तुपात जिऱ्याची फोडणी द्यावी. साखर न घालताही हे भरीत गोडसरच लागते, त्यामुळे तुमच्या यजमानांनाही त्यांच्या पथ्याच्या मर्यादेत ते घेता येईल. तूप हात आखडून घालू नये; भोपळ्याला ज्यामुळे केशरी रंग येतो ते बीटा कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी थोडी स्निग्धता लागतेच.

बाकीच्या सर्व फोडी आजच वाफवून टाकाव्यात. येथे ‘उकडून’ असे मी मुद्दाम म्हणत नाही. भोपळ्यात मुळातच ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्यात आणखी पाण्यात उकडला की लगदा पातळ होतो आणि पुढे त्याचे काहीच नीट जमत नाही. कुकरच्या भांड्यात पाणी न घालता फोडी ठेवाव्यात, दोन शिट्ट्या पुरतात. झाकण पडल्यावर चाळणीत अर्धा तास निथळत ठेवाव्यात, खाली जमलेल्या पाण्यात पोळ्यांची कणीक भिजवावी. लगदा पूर्ण गार झाला की एक-एक वाटीच्या अंदाजाने जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, हवा काढून, थापून चपटा करावा आणि बर्फाच्या कप्प्यात आडवा ठेवावा. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. गोळा करून ठेवलेला लगदा बाहेरून वितळतो तेव्हा आत दगडच असतो. पिशवीवर तारीख लिहावी. घरच्या फ्रीजमध्ये दोन-तीन महिने तो बिनधास्त वापरता येतो. मात्र एकदा सुटलेली पिशवी परत गोठवू नये, आणि दीर्घकाळ वीज गेली तर लगदा मऊ पडलेला आहे का, हे आधी पाहावे.

एक सावधगिरी आवर्जून सांगते. उरलेला लगदा गरम असतानाच काचेच्या बरणीत भरून, झाकण घट्ट लावून, फडताळात ठेवण्याची युक्ती हल्ली बऱ्याच ठिकाणी दाखवतात. भोपळ्याला ती लागू नाही. टोमॅटो किंवा कैरीसारखा आंबटपणा त्यात नसतो, आणि आंबटपणा कमी असलेल्या पदार्थात हवाबंद बरणीच्या आत बोट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. गोठवा, वाळवा किंवा शिजवून खा, बरणी नको.

आता अख्खे भोपळे. देठ तुटलेला भोपळा याच आठवड्यात, शक्य तर परवाच कापावा, कारण त्या ओलसर खड्ड्यातूनच कुजणे आत शिरते. बाकी तिघांचा देठ बोटभर तरी शाबूत असेल आणि सालीत नख रुतत नसेल तर ते पूर्ण पक्व आहेत असे समजावे. असा भोपळा कोरड्या, हवेशीर, सावलीच्या जागी दोन-तीन महिने राहू शकतो. त्याला सर्वांत मानवते ते १० ते १५ अंश सेल्सिअस तापमान, आणि आपल्याकडे आश्विनात दुपार अजून तापलेलीच असते. म्हणून एक भोपळा दिवाळीच्या आसपास आणि उरलेले दोन त्यानंतरच्या थंडीत, असा हिशेब धरावा. फ्रीजमध्ये अख्खा भोपळा ठेवू नये. १० अंशांखालच्या थंडीने तो आतून बिघडतो. थेट फरशीवर न ठेवता गोणपाटावर किंवा लाकडी फळीवर, एकमेकांना न टेकता ठेवावेत, सफरचंद-केळ्यांपासून लांब ठेवावेत आणि अधूनमधून उचलून बूड दाबून पाहावे. नरम डाग दिसला की त्याचा नंबर पहिला.

उत्तर: मंडळाचा जुना कार्यकर्ता

बाईंनी पाककृतीचे सांगितले आहे, मी व्यवस्थेचे सांगतो. हलवाई लोक सकाळीच सगळा भोपळा चिरून ठेवतात, कारण चिरण्याचे काम उरकले की त्यांची माणसे मोकळी होतात. वास्तविक मोठ्या कढावातही ही भाजी अर्ध्या-पाऊण तासात तयार होते, म्हणून निम्मा माल चिरून बाकीचा पहिली पंगत बसल्यावर गर्दी पाहून चिरावा. न चिरलेला भोपळा परत घेण्याची बोली मंडीतल्या व्यापाऱ्याशी आधीच केली तर बरेच जण ऐकतात, दुसऱ्या दिवशी गेलात तर कोणीच ऐकत नाही. आमच्याकडे पुरी, भाजी, बुंदी आणि कोशिंबीर असेल तेव्हा माणशी १०० ते १२५ ग्रॅम कच्चा भोपळा धरतात आणि तो पुरतो.

एक गोष्ट चांगली झाली की, शिजलेली भाजी तुम्ही त्याच रात्री वाटून टाकली. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेली भाजी मधोमध कित्येक तास कोमट राहते आणि त्या कोमटपणातच बिघडते. उरलीच तर ती पसरट परातींत काढून लवकर गार करावी, फ्रीजमध्ये ठेवावी आणि खाताना पुन्हा खळखळून उकळावी. आणि ताई, तीनही भोपळे तुम्हीच सांभाळले पाहिजेत असे कोठे आहे? एक कापाल तेव्हा निम्मा शेजारच्या काकूंनाच द्या, म्हणजे गाडीचा प्रश्न मिटेल.

उत्तर: लोकमान्यनगरची अन्नपूर्णा

घारग्यांचा उल्लेख अजून कसा आला नाही, याचे नवल वाटते. देठ तुटलेल्या भोपळ्याचा सर्वांत चांगला उपयोग तोच आहे. यजमानांना वगळून बाकीच्यांसाठी करा. मुलगा भोपळ्याची भाजी खात नसेल, पण घारग्यांना नाही म्हणणारा मुलगा मी तरी पाहिलेला नाही.

घारगे बिघडतात ते नेहमी पाण्यामुळे. कच्चा भोपळा किसून घ्यावा, दोन वाट्या कीस असेल तर पाऊण वाटी चिरलेला गूळ घ्यावा, आणि दोन्ही चमचाभर तुपावर मंद आचेवर ठेवावेत. गुळाला आणि किसाला इतके पाणी सुटते की वरून थेंबही घालण्याची गरज नसते. कीस मऊ होऊन मिश्रण कडेने सुटू लागले की उतरवावे, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ घालावे, पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच त्यात मावेल तेवढी कणीक, दोन-तीन चमचे तांदळाची पिठी व थोडे गरम तेलाचे मोहन घालून घट्ट मळावे. येथे कणकेचे माप मी मुद्दाम देत नाही. नव्या, कोवळ्या भोपळ्याला ती जास्त लागते, जुन्या भोपळ्याला कमी. मिश्रण गरम असताना कणीक घातली तर ती सैल वाटते, आपण आणखी घालत जातो आणि घारगे वातड होतात. पुरीपेक्षा जाड थापून, वरून खसखस दाबून, मध्यम आचेवर तळावेत. गार झाल्यावर डब्यात भरले तर थंडीच्या दिवसांत तीन दिवस आरामात राहतात आणि दुसऱ्या दिवशी जास्त चविष्ट लागतात.

गोठवलेल्या लगद्याचे घारगे करू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. गोठवून सुटलेला लगदा पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे कणीक दुप्पट खातो. तो लगदा पावभाजीत घालावा. निम्म्या बटाट्यांच्या जागी भोपळा घातला तर रंग सुरेख येतो, गोडसरपणा टोमॅटो आणि लिंबाखाली दडून जातो आणि ताट सरकवणाऱ्यांना पत्ता लागत नाही. भाजणीच्या थालीपिठातही तो चांगला जातो. फक्त मग पीठ भिजवायला वेगळे पाणी घेऊ नये.

उत्तर: माहेर नागपूर, सासर इंदूर

आमच्या वैदर्भीय पद्धतीचीही भर घालते. माळव्यात भोपळा म्हटला की मेथीदाणा, बडीशेप, आमचूर आणि गूळ. चव उत्तमच, पण चार माणसांच्या घरी तीच भाजी तिसऱ्यांदा कोणी खात नाही. आमच्याकडे सणावारी बाकर भाजी होते. खसखस, तीळ आणि सुके खोबरे वेगवेगळे भाजून त्यांचे वाटण करायचे, तेलात मोहरी-हिंगाची फोडणी करून त्यात तिखट, गोडा मसाला आणि हे वाटण चांगले परतायचे, मग भोपळ्याच्या मोठ्या फोडी घालून, झाकणावर पाणी ठेवून, वाफेवरच शिजवायच्या. फोडी अखंड राहिल्या पाहिजेत. शेवटी थोडी चारोळी घालावी, असेल तर. ही भाजी पुरीपेक्षा ज्वारीच्या भाकरीबरोबर शोभते आणि भोपळा न आवडणारी माणसे मसाल्याच्या ओढीने ती खातात.

शिळ्या भाजीचेही सांगते, कारण उरलेल्या भोपळ्याची चर्चा करताना आपण कच्च्याचाच विचार करतो आणि वाटीभर उरलेली शिजलेली भाजी मात्र मुकाट्याने टाकून देतो. खट्टी-मीठी भाजी दुसऱ्या दिवशी कुसकरून, त्यात कणीक आणि थोडे बेसन मावेल तेवढे घालून पराठे लाटावेत. मीठ, तिखट, आंबट, गोड सर्व आधीच त्यात असते. साध्या फोडणीची, बिनगुळाची भाजी असेल तर वरणात घोटून टाकावी.

गोठवण्याबद्दल माझे मत बाईंपेक्षा थोडे वेगळे आहे. फ्रीजचा बर्फाचा कप्पा तेवढाच असतो, त्यात चार किलोंचा लगदा भरला तर दुसरे काही ठेवता येत नाही. आश्विनातल्या उन्हाचा फायदा घेऊन निम्म्या मालाचे सांडगे घालावेत. त्यासाठी वाफवलेला नव्हे, कच्चा भोपळा किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यावा. भिजवलेली मूग आणि उडीद डाळ पाणी न घालता जाडसर वाटावी, तिच्यात तो कीस, हिरवी मिरची, जिरे, धणे आणि हिंग कालवून लहान-लहान सांडगे प्लॅस्टिकच्या कागदावर घालावेत. तीन-चार कडक उन्हे मिळाली पाहिजेत, आणि मोडल्यावर आत ओल दिसता कामा नये. आभाळ असेल त्या दिवशी हा उद्योग मांडू नये, पहिल्याच दिवशी ऊन मिळाले नाही तर डाळ आंबते. तळून खिचडीबरोबर किंवा रस्सा करून, हे सांडगे उन्हाळ्यापर्यंत पुरतात.

उत्तर: सुदामानगरकर

मी स्वयंपाकातला जाणकार नाही, परंतु ‘त्याचा गॅसच होतो’ या वाक्यावर थोडे लिहावेसे वाटते, कारण आपल्या शहरात ते आता फार सहज म्हटले जाते. देवगुराडियाचा बायो सीएनजी प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. सुरू झाला तेव्हा दररोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७,००० किलो बायो सीएनजी तयार करण्याची त्याची क्षमता होती. त्याबद्दल इंदूरकर म्हणून मला अभिमानच आहे. परंतु हिशेब करून पाहा. एक टन ओल्या कचऱ्यामागे साधारण ३१ किलो गॅस, म्हणजे ताईंच्या घरातल्या २५ किलो भोपळ्यांतून पाऊण किलोच्या आसपास. आणि भोपळ्यात बहुतांश पाणीच असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तो भोपळा पिकवायला लागलेले तीन-चार महिने, पाणी, खत, मंडीपर्यंतची वाहतूक या सर्वांच्या बदल्यात आपण पाऊण किलो गॅस घेणार. सालपट, देठ आणि कुजलेला भाग यांच्यासाठी ही योजना अत्यंत योग्य आहे, खाण्याजोग्या अन्नासाठी नाही.

सालीबद्दल सांगायचे तर कोवळ्या भोपळ्याची साल टाकण्याचे कारणच नाही. आमच्या घरी ती स्वच्छ धुवून, बारीक चिरून, थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परततात, मग तीळ, सुके खोबरे, लाल मिरची, लसूण आणि चिंचेचे बुटुक घालून जाडसर वाटतात. ही चटणी फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. जून भोपळ्याची टणक साल मात्र कितीही परतली तरी दाताखाली येते. तिचे लहान तुकडे करून घरच्या खताच्या कुंडीत घालावेत आणि ओल्याच्या दुप्पट वाळका पाला वर पसरावा. खतात बिया जाऊ देऊ नयेत, नाहीतर प्रत्येक कुंडीत वेल उगवतो. तसा उगवलाच तर तोही फुकट जात नाही, त्याची नर फुले बेसनात बुडवून तळलेली भजी उत्तम होतात. मादी फुलांच्या खाली इवलासा भोपळा दिसतो, ती तोडू नयेत.

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. काल फोडींतून भरीत केले आणि उरलेल्या वाफवून पिशव्यांत भरल्या. बिया गच्चीत वाळत आहेत. नागपूरच्या ताईंच्या सांडग्यांसाठी रविवारी ऊन पाहून बसणार आहे. देठ तुटलेला भोपळा आज सकाळी कापला. खड्ड्याभोवतीचा चार बोटे भाग तपकिरी झाला होता, तो भरपूर आजूबाजूच्या गरासकट काढून टाकला, बाकी आतून घट्ट आणि केशरी आहे. घारग्यांसाठी किसून ठेवला, तेव्हा सासूबाईंनी कच्चा कीस चाखून पाहायला सांगितला आणि कडू असेल तर सगळाच टाक, असे म्हणाल्या. तो कडू निघाला नाही, पण उरलेल्या तिघांपैकी एखादा किंचित कडवट निघाला तर गूळ वाढवून किंवा मिठाच्या पाण्यात ठेवून चालवता येईल का? एवढा पाच किलोंचा भोपळा टाकायचा जिवावर येईल.

तिलकनगरच्या बाई

सासूबाईंचे म्हणणे शब्दशः पाळावे. भोपळा, दुधी, दोडका, काकडी या सर्वांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. खाण्याच्या वाणांत ती जवळजवळ नसल्यासारखीच असतात, पण एखाद्या फळात अचानक वाढू शकतात. ती शिजवल्याने नष्ट होत नाहीत, मिठाच्या पाण्याने पुरेशी निघून जात नाहीत, आणि गुळाने केवळ झाकली जातात, म्हणजे जी चव आपल्याला थांबवणार तीच आपण पुसून टाकतो. थोड्या प्रमाणातही त्यांनी पोटात मुरडा, उलट्या आणि जुलाब होतात. म्हणून प्रत्येक भोपळा कापल्यावर नखाएवढा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि थुंकून टाकावा, हे भंडाऱ्याच्या स्वयंपाकातही कटाक्षाने करायला हवे, कारण एक कडू भोपळा कढावात पडला तर सगळी भाजी जाते.

तुम्ही कुजलेला भाग आजूबाजूच्या गरासकट काढलात ते योग्यच आहे; आता तो भोपळा आज-उद्यातच संपवावा, साठवणीसाठी धरू नये. कडू निघालेला भोपळा मात्र अख्खा टाकावा, त्याच्या बिया पेरणीसाठी ठेवू नयेत आणि तो गाईलाही घालू नये.